लोकशाही की राजा ते नंतर बघू, आधी बँकेचं बटण कोणाकडे आहे ते सांग

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉलिटिक्स अँड वॉर हा ऑनलाइन गेम, त्यात प्रत्येक जण आपलं एक नेशन म्हणजे देश चालवतो आणि बरेच जण मिळून अलायन्स म्हणजे गट करतात. तिथे ४१ मेंबरची अलायन्स, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, दोघं दुबईला नोकरीला, एक जण न्यू जर्सीत. दीड वर्ष एकच लीडर, तो म्हणेल ती पूर्व दिशा. गेल्या महिन्यात इकॉनॉमी बघणाऱ्या पोराने बँकेतला सगळा माल स्वतःच्या नेशनमध्ये ओढला आणि दुसऱ्या अलायन्समध्ये उडी मारली. आता अर्धे म्हणतायत निवडणूक घ्या, संविधान करा, आणि अर्धे म्हणतायत एकच बॉस ठेवा, त्यानेच सगळं बघावं. विचारणाऱ्याने दरम्यान २३ कलमांचा चार्टर लिहून काढलाय, त्यात सुप्रीम कोर्टसुद्धा आहे, आणि विचारतोय की नेमकं कुठलं सरकार चांगलं.

मित्रा, तुला ‘तू’ म्हणतोय तर राग मानू नको, मी २००७ पासून हे असले गेम खेळतोय म्हणजे वयाने बराच मोठा असणार. आधी नेशनस्टेट्स, मग सायबर नेशन्स, २०१६ पासून पॉलिटिक्स अँड वॉर. दोनदा लीडर झालो, एकदा मला हाकललं, आणि चार वर्षं नुसती इकॉनॉमी सांभाळली. पोटापाण्यासाठी हाउसिंग सोसायट्यांची ऑडिट करतो त्यामुळे पैसे कुठून गळतात हे बघायची सवय आहे, किंवा खोड म्हण.

तुझा चार्टर मी पूर्ण वाचला. भाषा चांगली आहे. पण २३ कलमांत एकाही ठिकाणी असं लिहिलेलं नाही की बँकेतून काढायची परमिशन कुठल्या रोलला, म्हणजे गेममधल्या कुठल्या पदाला आहे. कलम ७ म्हणतं ‘अर्थमंत्री परिषदेच्या मंजुरीनेच खर्च करेल’. बरं. पण गेमला तुझी परिषद माहीत आहे का? गेमला फक्त रोल माहीत आहे, आणि त्या रोलवर टिक आहे की नाही तेवढंच. त्या पोराने तुझं कलम ७ मोडलं असं तू म्हणशील, पण तेव्हा कलम ७ असतं तरी त्याने तेच केलं असतं, कारण बटण त्याच्या एकट्याच्या हातात होतं. म्हणून खरा प्रश्न लोकशाही की राजेशाही हा नाहीच. कागदावर ज्याला अधिकार दिलाय आणि गेममध्ये ज्याच्या हातात बटण आहे, ते दोघं एकच आहेत का, आणि नसतील तर मधली फट कशी बुजवायची, हा प्रश्न आहे. हे एकदा जुळलं की सरकार कुठलंही चालतं. न जुळता चालणारं मी तरी एकही बघितलं नाही.

हे पटायला जरा मागे जाऊन बघ, कारण प्रत्येक गेममध्ये बटण वेगळ्या जागी आहे आणि तिथली सरकारं तशीच झालीयेत.

सायबर नेशन्स २००६ चा. सुरुवातीला त्यात अलायन्स म्हणजे काय, तर नेशनच्या पानावरचा एक रकाना, त्यात नाव टाइप करायचं, झालात मेंबर. बँक नाही, टॅक्स नाही. पैसा ज्याच्या त्याच्या नेशनमध्ये, दुसऱ्याला द्यायचा तर एड म्हणजे मदत पाठवायची, तिचे स्लॉट मोजके आणि एक स्लॉट मोकळा व्हायला दहा दिवस. म्हणजे तिथला लीडर कितीही मोठा असला तरी तुमच्या खिशात हात घालू शकत नव्हता, त्याला समजावूनच घ्यावं लागायचं, आणि त्यामुळे तिथे दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं नांदले, न्यू पॅसिफिक ऑर्डरमध्ये एम्परर होता आणि ऑरेंज डिफेन्स नेटवर्कमध्ये निवडणुका होत्या आणि दोघीही मोठ्या अलायन्स होत्या. पण तिथेही एक बटण होतंच, ते गेममध्ये नव्हतं, अलायन्सच्या फोरमच्या अ‍ॅडमिन पासवर्डमध्ये होतं. सगळी चर्चा, मतदान, चार्टर, मेंबर लिस्ट तिथे. ज्याच्याकडे तो पासवर्ड तो निवडणूक हरला तरी हरत नसायचा. हे मी जवळून बघितलंय, आम्ही एकाला मतदानाने काढला आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच लॉगिन होईना.

नेशनस्टेट्स त्याहून जुना, नोव्हेंबर २००२ चा. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्स बॅरी नावाच्या लेखकाने आपल्या कादंबरीची जाहिरात म्हणून बनवला आणि कादंबरीपेक्षा गेमच जास्त लोकांना माहीत झाला. तिथे अलायन्सच्या जागी रीजन असतं आणि रीजनचा डेलिगेट म्हणजे प्रमुख ठरतो एंडोर्समेंटवर, म्हणजे इतर नेशन्सनी दिलेल्या पाठिंब्यावर, ज्याला सगळ्यात जास्त मेंबरांनी एंडोर्स केलंय तो अपडेटला, म्हणजे गेम ठरलेल्या वेळी सगळा हिशोब ताजा करतो तेव्हा, आपोआप खुर्चीवर. चार्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो. आता नॉर्थ पॅसिफिकसारखं रीजन घे, हजारो नेशन्स, नवीन नेशन्स जिथे जन्मतात त्यांतलं एक, फाउंडर म्हणजे रीजन स्थापन करून त्यावर कायम ताबा असणारा कोणी नाही. तिथे सत्ता बळकावल्याचे प्रकार एकापेक्षा जास्त वेळा झालेत. मग त्यांनी काय केलं? संविधान आहे, डेलिगेटची निवडणूक दर चार महिन्यांनी होते, सगळं आहे, पण खरी मेख वेगळी आहे. सिक्युरिटी कौन्सिल म्हणून काही जुनी विश्वासू नेशन्स मुद्दाम भरपूर एंडोर्समेंट बाळगून बसतात, आणि बाकीच्यांनी किती घ्यायच्या त्यावर मर्यादा असते. म्हणजे डेलिगेट फिरलाच तर त्याला खाली ओढायला लागणारी ताकद आधीच कोणाकडे तरी जमा करून ठेवलेली असते. म्हणजे नियम मोडणाऱ्याला अडवायचं बटण कोणाच्या हातात, तेसुद्धा त्यांनी आधीच ठरवलंय. तुझ्या सुप्रीम कोर्टाकडे कुठलं बटण आहे?

(एंडोर्समेंट द्यायला-घ्यायला तिथल्या वर्ल्ड असेंब्लीचं मेंबर असावं लागतं आणि एका माणसाला एकच मेंबरशिप. २००८ पर्यंत तिचं नाव युनायटेड नेशन्सच होतं, मग खऱ्या युनायटेड नेशन्सकडून नाव वापरू नका असं पत्र आलं आणि बदलावं लागलं. खऱ्या जगाने गेमवर केलेली ही एकमेव यशस्वी कारवाई असं आम्ही म्हणायचो.)

आणि तुमच्याकडे, पॉलिटिक्स अँड वॉरमध्ये, बटणं रोलमध्ये. टॅक्स थेट कापला जातो, रोख वेगळा टक्का आणि माल वेगळा टक्का, शून्यापासून शंभरपर्यंत. अलायन्सची एकच बँक. परमिशनच्या यादीत बँक बघणं वेगळं, बँकेतून काढणं वेगळं, मेंबर घेणं, मेंबर काढणं, ट्रीटी म्हणजे दुसऱ्या अलायन्सशी तह करणं, इतरांच्या परमिशन बदलणं, आणि एक तर चक्क स्वतःला लीडर करून घेणं. त्या शेवटच्या दोन्हींवर कोणाकोणाला टिक आहे ते आज बस आणि बघ. मी पैज लावतो की तुला माहीत असलेल्यापेक्षा एक तरी नाव जास्त निघेल, बहुतेक कोणीतरी जो दोन वर्षांपूर्वी मदत करत होता आणि आता महिन्यातून एकदा येतो.

आता बँक. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण ९० टक्के भांडणं शेवटी इथेच येतात.

सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, म्हणून सेक्रेटरी एकटा पैसे घेऊन पळू शकत नाही, निदान सोप्या पद्धतीने तरी नाही. गेममध्ये दुसऱ्या सहीची सोयच नाही. एक माणूस, एक क्लिक, सगळा माल पसार. त्यामुळे ‘दोन मंत्र्यांच्या संमतीने’ वगैरे कलमं लिहून काही होत नाही, ती फक्त चोरी झाल्यावर चोर म्हणायला उपयोगी. दोन सह्यांचं काम तुला दुसऱ्या मार्गाने करून घ्यावं लागतं, आणि तो मार्ग म्हणजे एका हाताला सगळा पैसा सापडूच द्यायचा नाही.

आम्ही करायचो ते असं. मुख्य बँकेत फक्त आठवडाभर पुरेल एवढंच ठेवायचं. ते किती, तर मागच्या चार आठवड्यांची बँक रेकॉर्ड काढ, सगळ्यात जास्त खर्चाचा आठवडा घे आणि त्याच्या दीडपट. बाकी सगळं ऑफशोअरला, म्हणजे बाजूला काढलेल्या एका छोट्या अलायन्सच्या बँकेत, जिच्यात एखादंच नेशन असतं आणि जे कोणाशी लढत नसतं. ऑफशोअर मुळात लुटीसाठी असतं, कारण आपल्यातलं एक नेशन जरी युद्ध हरलं तरी जिंकणारा अलायन्सच्या बँकेतलाही वाटा घेऊन जातो, म्हणून युद्धाच्या आधी बँक रिकामी करायची ही जुनी रीत आहे. पण चोरीसाठीसुद्धा तेच कामाला येतं. एकच अट, मुख्य बँकेची परमिशन ज्याला आहे त्याला ऑफशोअरची नसावी आणि ऑफशोअरवाल्याला मुख्य बँकेची नसावी. लीडरलाही दोन्ही नकोत, म्हणजे मुख्य बँक लीडरला असणारच, ते टाळता येत नाही, म्हणून ऑफशोअर लीडरकडे नको. हे सांगितलं की लीडर लोक नाराज होतात. होऊ देत.

मग ऑफशोअरवाला पळाला तर? पळू शकतो. शून्य धोका कुठेच नाही, म्हणून तिथे वय आणि हुशारी बघायची नाही, ओळख बघायची. माझ्याकडे ऑफशोअर सांभाळणारा माणूस खेळायला एकदम सुमार होता, युद्धात त्याचा शून्य उपयोग, पण त्याच्या घरी मी जेवून आलो होतो. भिशीचे पैसे गल्लीत कोणाकडे ठेवतात? जो सगळ्यात जास्त हिशोबी आहे त्याच्याकडे नाही, ज्याचं घर सगळ्यांना माहीत आहे त्याच्याकडे. आणि हो, ते नेशन खऱ्या दुसऱ्या माणसाचं असू दे, स्वतःच दुसरं अकाउंट काढून ऑफशोअर करायचा शहाणपणा करू नको, गेममध्ये एका माणसाला एकच नेशन, पकडलं की तेही जातं आणि हेही. तुमच्यात हॉस्टेलवर एकाच वायफायवरून खेळणारे दोघंतिघं असणारच, त्यांनीही एकमेकांशी व्यवहार करायच्या आधी गेमचे नियम नीट वाचावेत, कारण तिथे नेमके हेच संशयात सापडतात.

दुसरं, नोट. बँकेतून प्रत्येक वेळी काढताना नोटचा रकाना असतो. नियम करा की नोट रिकामी तर ते काढणं बेकायदा, मग ते पाच रुपये असोत. आणि दर रविवारी कोणीतरी, जो इकॉनॉमीत नाही असा, रेकॉर्ड वाचून दोन ओळी टाकेल. बस्स. मला यात काही मोठं सापडल्याचं फार आठवत नाही, पण वाचलं जातंय हे माहीत असलं की माणसाचा हात आखडतो. तुमच्या त्या पोराने शेवटच्या दिवशी एकदम नेलं असं तू लिहिलंयस, मला नाही वाटत. तीन महिन्यांची रेकॉर्ड बघ, आधी लहान लहान निघाली असतील आणि कोणी विचारलं नसेल.

तिसरं, टॅक्स. तुमचा लीडर नवीन पोरांकडून रोख आणि माल दोन्हींचा शंभर-शंभर टक्के टॅक्स घेतो असं म्हणालास. त्यात गैर काही नाही, बऱ्याच अलायन्स नवीन नेशनकडून सगळं घेतात आणि बदल्यात शहरं बांधून देतात, खायला देतात, हिशोब बघितला तर पोराचा फायदाच होतो. पण मग तो पैसा तुमचा नाही, ते एक प्रकारचं देणं आहे, आणि चार्टरमध्ये ‘अलायन्सचा निधी’ एवढंच लिहून भागत नाही. किती टॅक्सवर काय मिळणार हे तक्त्यात लिहा, कुठल्या शहरसंख्येला टक्का उतरणार ते लिहा. एखाद्याने स्वतःहून डिपॉझिट केलेलं वेगळं धरा, ते त्याचं आहे, सोडून गेला तर परत मिळणार की नाही हे आज लिहा, तो सोडून जायला निघाल्यावर नको. त्या वेळी कोणालाच न्याय सुचत नाही, फक्त राग सुचतो.

इथपर्यंत झालं का? बँक दोन हातात, नोट आणि रविवारचं वाचन, टॅक्सचा तक्ता. हे तीन केलंस तर तुझ्या भांडणातलं निम्मं आत्ताच मिटेल. आता तुझा मूळ प्रश्न घेतो.

निवडणूक की राजा हे बरंच तुमच्यावर अवलंबून आहे आणि कोणी ठाम उत्तर दिलं तर ऐकू नको. ४१ मेंबर म्हणतोस, पण गेल्या आठवड्यात डिस्कॉर्डवर, तुमच्या चॅटमध्ये, बोललेले किती? १४-१५ असतील. चौदा जणांत निवडणूक घेतलीस तर काय होतं सांगतो. दोन उमेदवार उभे राहतात, आठ-सहा होतं, आणि ते सहा जण तीन आठवड्यांत बाहेर पडून स्वतःची अलायन्स काढतात. आपल्याकडे एका गल्लीत दोन गणेश मंडळं का असतात? अध्यक्षपदाची निवडणूक झाली म्हणून. मोठ्या अलायन्सला हे परवडतं, शंभरातले दहा गेले तरी युद्धाला माणसं कमी पडत नाहीत, तुमचे सहा गेले की उरलेल्यांवर रेडवाले, म्हणजे लुटीसाठी हल्ले करणारे, तुटून पडतील.

दुसऱ्या बाजूला निव्वळ राजाचंही काय होतं ते तुम्ही दीड वर्ष बघितलंच. तो वाईट नव्हता, पण तो थकला की सगळं थकतं.

म्हणून या आकाराला मी नेहमी एकच सुचवतो, नेमणूक लीडरने करावी, पण काढायचा अधिकार मेंबरांना असावा. लीडर मंत्री नेमेल, फॉरेन, इंटर्नल, इकॉनॉमी, युद्ध, चौघं पुरे, आणि त्याला कोणाची मंजुरी नको. पण लीडरसकट कोणालाही मेंबर अविश्वास ठरावाने काढू शकतील, दोन तृतीयांशने. यात निवडणुकीचा प्रचार नाही, दोन गट पडत नाहीत, ज्यांना फक्त खेळायचंय ते खेळतात, आणि लीडरला माहीत असतं की आपण अगदीच हाताबाहेर गेलो तर दोर कापला जाईल. आता म्हणशील ठराव पास झाला आणि लीडर खाली उतरलाच नाही तर? बरोबर, बटण. म्हणून ते ‘स्वतःला लीडर करून घेणं’ हे परमिशन लीडरशिवाय अजून एका आणि फक्त एकाच माणसाला द्यायचं, तो मंत्री नसावा, बँकेची परमिशन त्याला नसावी, आणि त्याचं नाव चार्टरमध्ये त्याच कामासाठी लिहिलेलं असावं. आमच्यात त्याला गंमतीने पोलीस पाटील म्हणायचे. त्याचं काम एवढंच, ठराव पास झाला की बटण दाबायचं आणि नवीन माणसाकडे खुर्ची द्यायची. लीडर त्याला आधीच काढून टाकू शकतो हे खरंय, पण त्याने पाटलाचं परमिशन काढलं म्हणजेच सगळ्यांना इशारा मिळाला, पुढचं काय होणार ते न सांगता कळतं.

मतदानाचे नियम साधे ठेव. ७२ तास, कमी नको, दुबई, पुणे आणि न्यू जर्सी तिन्हीकडे एकदा तरी संध्याकाळ यायला हवी आणि मध्ये एखादा सबमिशनचा दिवस पडला तरी चालायला हवं. मत फक्त नेशनला, डिस्कॉर्ड अकाउंटला नाही, आणि नेशन ३० दिवसांपेक्षा जुनं मेंबर असलं पाहिजे, नाहीतर ठरावाच्या आदल्या दिवशी कोणाचे तरी पाच मित्र येऊन जॉइन होतात. कोरम तू एकूण मेंबरांच्या निम्मा ठेवलायस, तो कधीच भरणार नाही. सोसायटीच्या सभेत काय होतं, कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायचं आणि मग आहेत त्यांच्यातच सभा, सगळे हसतात त्याला, पण ती पद्धत शहाणी आहे, न येणाऱ्याला नकाराधिकार मिळत नाही. तू कोरमच काढून टाक आणि ‘दिलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश, किमान आठ मतं’ असं लिही.

युद्ध आणि ट्रीटी मात्र मतदानाला टाकू नकोस. चार्टरच्या कलम ११ मध्ये युद्धासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लिहिलीयेस, ते वाचून मला खरंच हसू आलं. सर्व्हरचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, हल्ला त्याच्या आसपास करतात कारण दिवस बदलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असं दोनदा सैन्य विकत घेता येतं. पोरांनी अलार्म लावून उठायचंय आणि पाच मिनिटांत सगळ्यांनी एकदम डिक्लेअर करायचंय. ७२ तास मतदान घेतलंस तर समोरच्याला तुझ्याआधी कळेल, ४१ जणांत एक तरी गळका असतोच. युद्ध लीडर आणि युद्धमंत्री या दोघांनी ठरवावं, मेंबरांनी नंतर जाब विचारावा, अविश्वास ठराव त्यासाठीच आहे.

ट्रीटी मात्र लीडरने एकट्याने करायची असली तरी तिचा मजकूर सगळ्यांना दिसला पाहिजे आणि त्यात एक शब्द शोधायचा, साखळी. म्हणजे मित्राच्या मित्रासाठीही आपल्याला लढावं लागतं का. सायबर नेशन्समध्ये २००९ च्या एप्रिलला न्यू पॅसिफिक ऑर्डरने ऑर्डो व्हर्डे नावाच्या त्यांच्या मानाने चिमुकल्या अलायन्सवर हेरगिरीचा आरोप ठेवून हल्ला केला. आरोप एवढासा, पण प्रत्येकाची प्रत्येकाशी ट्रीटी, एकाला ओढलं की पाच येतात, आणि बघता बघता कर्मा नावाखाली समोर एवढे जमले की ती वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर असलेली अलायन्स त्या उन्हाळ्यात शरण आली. त्यांचे काही मित्र ऐनवेळी ट्रीटी मोडून बाजूला झाले, आणि आमच्यासारखे, ज्यांना ऑर्डो व्हर्डेचं नावही माहीत नव्हतं, ते कोणाच्या तरी ट्रीटीपायी दोन महिने मार खात बसले. तुम्ही कुठल्या मोठ्या अलायन्सच्या प्रोटेक्शनखाली असाल तर त्यांची परवानगी न घेता दुसरी ट्रीटी करता येते का, तेही बघ, बहुतेक प्रोटेक्टरेटच्या कागदात नाही असंच असतं.

रेडचा नियम एका ओळीत पण काटेकोर. कोणावर रेड चालेल, कोणावर नाही, त्याची यादी फॉरेनवाला ठेवेल, यादीबाहेर केलं तर नुकसान भरपाई स्वतःच्या खिशातून. छोट्या अलायन्सची अर्धी युद्धं एखाद्या पोराने रात्री दोनला कंटाळा आला म्हणून कुठल्यातरी झोपलेल्या नेशनवर हात मारला यातून सुरू होतात.

कोर्ट काढ. पंधरा चालू माणसांत तीन न्यायाधीश म्हणजे पाचातला एक न्यायाधीश, आणि खटले कोण चालवणार, तेच. हाकलायचं असेल तर इंटर्नलवाला ४८ तासांची नोटीस देईल, पुरावा सगळ्यांसमोर ठेवेल, पुरावा म्हणजे गेममधली रेकॉर्ड, डिस्कॉर्डचा स्क्रीनशॉट नव्हे कारण तो कोणीही बनवतो, आणि लीडर निर्णय देईल. अपील हवंच असेल तर पोलीस पाटलाकडे. मूलभूत हक्कांचं प्रकरण राहू दे, कोणाला त्रास नाही त्याचा.

अजून एक कलम तुझ्याकडे नाहीच, आणि ते तुमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त लागणार आहे, परीक्षेचं. नेशनस्टेट्सवर २८ दिवस लॉगिन केलं नाही की नेशन गायब होतं, व्हेकेशन मोड लावला असेल तर ६०. आमच्या पहिल्या रीजनचा फाउंडर सीए फायनलला बसला, मोड लावायला विसरला, नेशन गेलं, आणि फाउंडर नाही म्हटल्यावर रेडर लोक, म्हणजे दुसऱ्यांची रीजन बळकावणारे, आठवड्यात आले, एका सकाळी अपडेट झाला आणि डेलिगेट कोणीतरी तिसराच. रीजनला पासवर्ड लागला, आम्ही बाहेर. पोरगा पास झाला, ती गोष्ट वेगळी. तर कुठल्याही पदावरचा माणूस सात दिवस न सांगता आला नाही तर त्याची बटणं आपोआप दुसऱ्याकडे जातील, माणसाला काढलं असं नाही, बटणं फक्त, तो आला की परत, असं लिहून ठेव. आणि सेमिस्टर संपायच्या तारखा एका जागी लिहा. तीन मंत्री एकाच युनिव्हर्सिटीचे असतील तर मे महिन्यात तुमच्याकडे सरकारच नसतं, हे शेजारच्या अलायन्सलाही कळतं.

हे सगळं मिळून नऊ-दहा कलमं होतील. प्रत्येकाच्या शेवटी कंसात लिही की यासाठी कुठलं परमिशन, कोणाकडे. ज्या कलमापुढे काहीच लिहिता येत नाही ते एक तर शोभेचं आहे किंवा तुमच्या चांगुलपणावर चाललंय, आणि दोन्ही चालतात, फक्त कुठलं कुठलं आहे ते माहीत असावं.

राहिला तो पळालेला पोरगा. तुमच्यातले काही जण ज्या अलायन्सने त्याला घेतलं तिच्यावर युद्ध करा म्हणतायत, ते डोक्यातून काढा, चाळीस जणांनी अडीचशेवर जायचं नसतं. त्यांच्या फॉरेनवाल्याला साधा मेसेज टाक, शिव्या नाहीत, धमकी नाही. कधी किती गेलं ते बँक रेकॉर्डसकट, आणि एवढंच म्हण की माल परत आला तर आमचा विषय संपला. चोर कोणालाच आपल्या बँकेजवळ नको असतो, माझ्या अनुभवात तीनपैकी दोनदा निम्मं तरी परत आलंय. आणि तो मेसेज पाठवायच्या आधी त्या पोराची डिस्कॉर्डवरची अ‍ॅडमिन परमिशन, गुगल शीटचा अ‍ॅक्सेस आणि तुमच्या बॉटची किल्ली हे सगळं काढलंय का ते बघ, कारण तू प्रश्नात तसं कुठेच लिहिलेलं नाहीयेस.